पहिल्या धारेची म्हणजे नक्की किती?

सगळ्यात आधी एक खुलासा. हा लेख लिहिणारी मुलगी दारू पीत नाही. हे सांगावं लागतंय, कारण मराठी विभागासाठी मी विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातल्या तिघांनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कॉलेजच्या गेटसमोर बार काढायची परवानगी मागतेय! "मैत्री, पाऊस, आई असं काहीतरी लिही ना," म्हणाले. पण मित्रांनो, मी टी.ई. केमिकलची आहे. आमचं अर्धं सेमिस्टर डिस्टिलेशन कॉलमसमोर उभं राहून जातं. आणि आपल्या जिल्ह्यात हा विषय कुणाच्या घराबाहेरचा आहे, ते तुम्हीच सांगा. (दुसरा खुलासा : शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे शुद्धलेखनाची जबाबदारी मैत्रिणीची. विज्ञानाची माझी.)

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात पारनेर तालुक्यात आमच्या गावी आत्येबहिणीचं लग्न होतं. हळदीची रात्र. माझ्या दोन्ही हातांवर मेंदी, त्यामुळे मी गच्चीवर भुतासारखी हात पसरून बसलेली. खाली ओट्यावर भावांची मैफल जमली होती. जर्मनीत नोकरी करणारा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, तो आला होता. त्यामुळे चर्चेला आंतरराष्ट्रीय दर्जा होता! एकजण म्हणाला, "आपली देशी पंचवीस टक्के असते, बाटलीवरच लिहिलेलं असतं." दुसरा म्हणाला, "फॉरेनची बिअर प्याल तर आडवे व्हाल." तिसरा : "पहिल्या धारेची असली की भेसळीचा प्रश्नच नाही. काडी लावून बघायची, निळी पेटली की शुद्ध." आणि डिप्लोमाला असलेला माझा छोटा आतेभाऊ हातात एनर्जी ड्रिंकचा कॅन नाचवत म्हणाला, "हे मिक्स केलं ना, की चढतच नाही."

मेंदी वाळेपर्यंत मला ऐकण्याशिवाय काही काम नव्हतं. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं, की एकूण एक वाक्य चुकीचं आहे. त्यातली काही चुकीची वाक्यं नुसती विनोदी आहेत, पण काही जीव घेणारी आहेत. म्हणून हा लेख.

गैरसमज १ : "देशी २५ टक्के असते."

बाटलीवर २५ असं लिहिलेलं असतं हे खरं, पण त्याच्यापुढे "यु.पी." असतं. आमच्या एका भावाला वाटत होतं की ही उत्तर प्रदेशातून येते! यु.पी. म्हणजे अंडर प्रूफ. हे इंग्रजांच्या काळातलं माप. गोष्ट अशी सांगतात, की पूर्वी दारूत बंदुकीची दारू भिजवायची आणि पेटवून बघायची. पेटली तर ती "प्रूफ", म्हणजे कसोटीला उतरलेली. (मराठीत दोन्हीला दारूच म्हणतात, ही आपल्या भाषेची दूरदृष्टी!) पुढे हे माप आकड्यात बसवलं गेलं. शंभर डिग्री प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याच्या २५ डिग्री खाली, म्हणजे ७५ डिग्री प्रूफ. आता गणित करा : ५७.१ गुणिले ०.७५ बरोबर ४२.८.

म्हणजे "२५" लिहिलेल्या देशीत अल्कोहोल आहे ४२.८ टक्के! आणि गंमत म्हणजे महागड्या बाटलीतल्या व्हिस्की, रम, ब्रँडीवरही हाच ४२.८ आकडा असतो. गोव्याची फेणी, जिला २००९ मध्ये जी.आय. टॅग मिळाला आणि जिची परदेशी पाहुण्यांना फार भीती घातली जाते, तीसुद्धा बाटलीत भरताना साधारण ४२.८ च. रशियन व्होडका ४० टक्के. म्हणजे "देशी कडक की इंग्लिश कडक" या वादात दोन्ही पक्ष एकाच आकड्यावर उभे आहेत. फरक आहे तो वासाचा, किमतीचा आणि आव आणण्याचा.

अमेरिकेत आणखी वेगळा घोळ आहे. तिथलं प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे सिनेमात "८० प्रूफ" ऐकून आपण "बापरे" म्हणतो, ती दारू फक्त ४० टक्के असते. आपल्या साध्या क्वार्टरपेक्षा थोडी कमीच!

गैरसमज २ : "बिअर म्हणजे काय, थंडपेय."

इथे फक्त गुणाकार हवा. ३० मिलीच्या एका पेगमध्ये ४२.८ टक्क्यांनी १२.८ मिली अल्कोहोल, वजनात साधारण १० ग्रॅम. आता आपल्याकडची स्ट्राँग बिअर घ्या. बाटली ६५० मिली, अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. गुणाकार येतो ५२ मिली, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. एक बाटली बरोबर चार पेग! आणि आपलं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. म्हणजे रात्री अकराला संपवलेल्या एका बाटलीचा हिशेब पहाटे तीन-चारपर्यंत चालू असतो. लिंबूपाणी, आंघोळ, ताक, उलटी, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

दादाने जर्मनीचं सांगितलं तेव्हा भावांचे चेहरे बघण्यासारखे झाले. तिथली नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे "फॉरेनची कडक" हा समज उलटा आहे. कडक आपली आहे. तिथे लोक ती चवीने, जेवणाबरोबर पितात, आणि आपल्याकडे बाटलीवरचं "स्ट्राँग" हे जाहिरातीचं वाक्य होतं.

(जाता जाता : महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१, बाकी दारूसाठी २५. हे मासिक वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना दोन्ही लागू नाहीत. असो.)

गैरसमज ३ : "पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात शुद्ध."

हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरलाय की आपण भाषणाला, शिवीला, कवितेलासुद्धा "पहिल्या धारेची" म्हणतो. पण ही धार म्हणजे काय?

गूळ किंवा मळी पाण्यात आंबवली, की यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. हातभट्टीवाले त्यात नवसागर टाकतात आणि त्याने "किक" येते असं समजलं जातं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो. थोडक्यात ते यीस्टचं खत आहे, दारूचा मसाला नाही. आंबवणीत अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास साचलं, की यीस्ट स्वतःच दमतं. आता हे मिश्रण उकळायचं. इथेनॉल ७८.४ अंशाला उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत इथेनॉलचं प्रमाण द्रवापेक्षा खूप जास्त असतं. दहा टक्क्यांच्या द्रवातून निघणारी पहिली वाफ थंड केली, तर मिळतं पन्नास-पंचावन्न टक्क्यांचं पाणी. हीच पहिली धार. जसजसं भांड्यातलं अल्कोहोल संपत जातं, तसतशी धार पातळ होते. म्हणून पहिली धार कडक, हे शंभर टक्के खरं. आमच्या लॅबमधल्या ग्राफवर हेच दिसतं, फक्त तिथे त्याला व्हेपर-लिक्विड इक्विलिब्रियम म्हणतात आणि व्हायवात विचारतात.

पण कडक म्हणजे शुद्ध नव्हे. सगळ्यात आधी उडतात ते सगळ्यात हलके पदार्थ, उदाहरणार्थ ॲसिटाल्डिहाइड. घसा जाळणारा, डोकं उठवणारा. म्हणजे पहिल्या धारेत अल्कोहोलही जास्त आणि हा कचराही जास्त. चांगल्या डिस्टिलरीत हा सुरुवातीचा भाग वेगळा काढतात. आपण त्याच भागाला सर्वोत्तम म्हणतो!

मग सगळ्यात कडक किती होऊ शकते? उत्तर मजेदार आहे. कितीही वेळा उकळा, ९५-९६ टक्क्यांच्या पुढे गाडी जात नाही. तिथे द्रवात आणि वाफेत इथेनॉल-पाण्याचं प्रमाण सारखंच होतं. त्याला ॲझिओट्रोप म्हणतात. पोलंडमध्ये मिळणारं स्पिरिटस नावाचं प्रकरण याच भिंतीला टेकलेलं आहे. त्यामुळे कुणी "परदेशात शंभर टक्क्यांची मिळते" म्हणालं, तर त्याला टी.ई. केमिकलकडे पाठवा. ही भिंत ओलांडायला मॉलिक्युलर सिव्ह लागतात, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहेत. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, मग जिल्हाभर कारखाने झाले, मळी आली, डिस्टिलऱ्या आल्या, आणि आता इथेनॉल प्लँट आहेत. तिथून ९९.५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल बाहेर पडतं ते पेट्रोलमध्ये मिसळायला. म्हणजे नगर जिल्ह्यातली सगळ्यात कडक दारू आपल्या बाईका पितात.

गैरसमज ४ : "काडी लावून बघायची. निळी पेटली की बिनधास्त."

मित्रांनो, बाकी सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढा भाग मात्र लक्षात ठेवा.

बाजारात अल्कोहोल एक नाही, अनेक आहेत. पिण्याच्या दारूतलं इथेनॉल. त्याचा धाकटा भाऊ मिथेनॉल. थिनर, रंग, रसायनं यांत लागणारा, स्वस्त. दिसायला सारखा, वास जवळजवळ सारखा. दोघांच्या रेणूत फरक एका कार्बनचा. आणि मिथेनॉलही पेटतं. उलट इथेनॉलपेक्षा सहज पेटतं. ज्योत फिकट निळी, दिवसाउजेडी तर दिसतसुद्धा नाही. म्हणजे काडीची परीक्षा फक्त एवढंच सांगते की समोरचा द्रव जळतो. तो पिण्यासारखा आहे का, हे काडीला कळत नाही. बाटली हलवून फेस बघण्याची पद्धतही अशीच. त्याने अल्कोहोलचा ढोबळ अंदाज येतो, पण कुठलं अल्कोहोल ते नाही.

शरीरात काय होतं ते बघा. लिव्हरमधलं एक एन्झाइम इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. त्याचा निचरा होतो. तेच एन्झाइम मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं (ज्यात बायोलॉजीच्या लॅबमधले बेडूक ठेवतात) आणि पुढे फॉर्मिक ॲसिड. मुंगीच्या डंखात असतं ते. हे आम्ल शरीराबाहेर फार हळू जातं. पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, आणि पहिला फटका बसतो डोळ्याच्या नसेला. दहा मिली शुद्ध मिथेनॉलसुद्धा दृष्टी घालवू शकतं. तीस मिली, म्हणजे एक लहान पेग, जीव घेऊ शकतं.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही, की मिथेनॉल सुरुवातीला इथेनॉलपेक्षा कमी चढतं. "किक" कमी. त्रास सुरू होतो बारा ते चोवीस तासांनी, सोबत साधी दारूही प्यालेली असेल तर आणखी उशिरा. म्हणून "मी आधी पिऊन पाहिली, मला काही झालं नाही" या वाक्याला त्या रात्री काहीच अर्थ नसतो.

आता लोक म्हणतील, गुळाची गावठी तर घरचीच, त्यात मिथेनॉल कुठून? अर्धं बरोबर आहे. गूळ-मळी आंबवून मिथेनॉल जवळजवळ होत नाही. ते होतं फळांच्या सालीतल्या पेक्टिनपासून, तेही थोडंसं. सामूहिक विषबाधा झाली, की बहुतेक वेळा कारण भट्टीतलं कौशल्य नसतं, तर नंतर कुणीतरी कारखान्यासाठीचं मिथेनॉल ओतलेलं असतं. कर नाही, किंमत कमी, नफा जास्त. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत हेच झालं. शंभराहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. "पहिली धार टाकून दिली की झालं" हाही इलाज नाही. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळत असलं, तरी पाण्याच्या मिश्रणात ते शहाण्या मुलासारखं आधी बाहेर पडून रांग सोडत नाही. थोडं थोडं सगळ्या धारेत येत राहतं.

आणि लेबल? आपल्या जिल्ह्याला लेबलाची गोष्ट सांगायला नको. फेब्रुवारी २०१७, नगर तालुक्यातलं पांगरमल. जिल्हा परिषद निवडणुकीची धामधूम, जेवणावळ, फुकटची दारू. ती बनावट होती. किमान नऊ माणसं गेली. आणि पोलिस तपासात पुढे आलं, की ती दारू तयार होत होती नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कँटीनमध्ये! जिथे माणसं वाचवायची, तिथे. मी तेव्हा सहावीत होते. शाळेत सिस्टरांनी असेंब्लीत त्या लोकांसाठी प्रार्थना घेतली. मला एवढंच कळलं होतं, की काही मुलांचे बाबा जेवायला गेले आणि परत आले नाहीत. आज वाटतं, त्या पंगतीतही कुणीतरी बाटली उघडून, वास घेऊन, "ओरिजिनल आहे" असं म्हणालाच असेल.

गैरसमज ५ : "परदेशात असलं काही होत नाही."

ओट्यावरचं हे दादाबद्दलचं कौतुक होतं, पण दादानेच मान हलवली. सप्टेंबर २०१२ मध्ये झेक प्रजासत्ताकात, युरोपच्या मधोमध, मिथेनॉल मिसळलेली दारू बाजारात आली. तीसहून जास्त माणसं गेली आणि सरकारला २० टक्क्यांच्या वरच्या सगळ्या दारूची विक्री काही दिवस बंद करावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलने गेले. त्यातल्या काही तर आपल्याच वयाच्या मुली होत्या. त्यांच्या समोर ना हातभट्टी होती, ना काळा गूळ. एक छानसा ग्लास होता.

आणि "जादूची" परदेशी दारू? ॲबसिंथ घ्या. हिरवी, प्याल्यावर म्हणे भास होतात, माणूस वेडा होतो. स्वित्झर्लंडने १९१० मध्ये आणि फ्रान्सने १९१५ मध्ये ती बंदच केली. दोष दिला गेला त्यातल्या थुजोन नावाच्या पदार्थाला. पुढे शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या बाटल्या तपासल्या तेव्हा थुजोन सापडलं अगदीच कमी. सापडलं काय? सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. भास होण्याचं रहस्य एवढंच होतं.

गैरसमज ६ : "एनर्जी ड्रिंक मिक्स केलं की चढत नाही."

आधी एनर्जी ड्रिंकचा हिशेब. याचं मूळ थायलंडमध्ये. तिथल्या ट्रकचालकांत, कामगारांत चालणाऱ्या क्रेटिंग डेंग या पेयावरून १९८७ मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल आलं. फ्रान्सने ते २००८ पर्यंत विकू दिलं नाही. मग काय, "तिकडे बॅन होतं" म्हणजे नक्कीच जहाल, अशी कीर्ती पसरली. त्यात टॉरिन नावाचा घटक बैलाच्या शरीरातून काढतात, ही अफवा तर आमच्या हॉस्टेलवर श्रद्धेसारखी मानली जाते. टॉरिन १८२७ मध्ये पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं, म्हणून हे नाव. आज ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. बैलाचा संबंध फक्त डब्यावरच्या चित्रापुरता.

मग ताकद कसली? कॅफिनची आणि साखरेची. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये फार तर ७५. एका मोठ्या कप कॉफीएवढं किंवा त्याहून थोडं कमीच! साखर मात्र त्याच कॅनमध्ये साधारण २७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहा चमचे. परदेशातल्या काही मोठ्या कॅनमध्ये १६० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलं. मुलांसाठी ही मापं नाहीत. लिथुआनियाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद केली, पोलंडने २०२४ मध्ये. जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेतही शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी करण्याची घोषणा झाली.

म्हणजे सबमिशनच्या रात्री एक कॅन, ही काही जादू नाही आणि विषही नाही. चार कॅन प्यायलात तर पहाटे छाती धडधडेल आणि फाईल तरीही अपूर्णच राहील. (अनुभव माझा नाही, पण पार्टनरचा आहे.)

खरा धोका आहे दारूबरोबर. कॅफिन रक्तातलं अल्कोहोल एका थेंबानेही कमी करत नाही. ते फक्त झोप उडवतं. दारू जास्त झाली की डोळे मिटतात, हा शरीराचा शेवटचा ब्रेक. कॅफिन तो ब्रेक काढून टाकतं. माणूस तेवढाच झिंगलेला असतो, फक्त त्याला ते कळत नाही.

अमेरिकेत याचा प्रयोग बाजारातच झाला. तीन कॉलेजमित्रांनी फोर लोको नावाचं पेय काढलं. त्यात कॅफिन, टॉरिन आणि १२ टक्के अल्कोहोल एकत्र. कॅन जवळजवळ ७०० मिलीचा. गुणाकार तुम्हीच करा, आपले साडेसहा पेग येतात! चव फळांच्या सरबताची. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका पार्टीनंतर नऊ विद्यार्थी हॉस्पिटलमध्ये गेले. आधी वाटलं, कुणीतरी गुंगीचं औषध घातलं. निघालं हे पेय. नोव्हेंबरमध्ये तिथल्या एफ.डी.ए.ने चार कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि फोर लोकोतून कॅफिन गेलं. ते विद्यार्थी पहिल्या वर्षाचे होते.

आता परत ओट्यावर.

रात्री साडेअकराला छोट्या आतेभावाने बाईकची किल्ली उचलली. बर्फ संपला होता आणि तो सुप्याला जाऊन आणणार होता. पोटात एक स्ट्राँग बिअर, वर दोन कॅन. "मी एकदम फ्रेश आहे," म्हणाला. आणि खरंच फ्रेश दिसत होता. बोलणं साफ, डोळे टक्क. मोठे भाऊसुद्धा म्हणाले, जाऊ दे, जवळच तर आहे.

मी गच्चीवरून ओरडले, "आधी पट्टी पकडून दाखव!" सगळे हसले. पण लहान बहिणीने दप्तरातली तीस सेंटीमीटरची पट्टी आणली. (फिजिक्सचा प्रयोग आठवतोय ना? पट्टी वरून सोडायची, दोन बोटांत पकडायची. जितकी जास्त खाली जाईल तितका मेंदू उशिरा जागा झाला.) माझी मेंदी ओली, म्हणून सोडायचं काम तिने केलं. दादाने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, त्याने पंधरा सेंटीमीटरला पकडली. म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद. आतेभावाच्या बोटांतून पट्टी तीनपैकी दोनदा सरळ जमिनीवर. म्हणजे पाव सेकंद उलटून गेला तरी बोटं मिटली नव्हती. तिसऱ्यांदा त्याने चिडून पट्टीच हिसकावून घेतली आणि म्हणाला, "ही तुझी पट्टी वाकडी आहे."

तेवढ्यात आजी बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. त्याच्या हातातून किल्ली घेतली, कनवटीला खोचली आणि म्हणाली, "बरफ नको न् काय नको. झोप मुकाट." विषय संपला.

नंतर ती वर येऊन माझ्याजवळ बसली. आमच्याच तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजाऱ्यांनी १९७५ नंतर गावातल्या भट्ट्या बंद करायला लावल्या, ते मला जनरल नॉलेजमध्ये पाठ होतं. पण आजीच्या तोंडून वेगळंच ऐकलं. "उभी बाटली, आडवी बाटली" चं मतदान असतं ना, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर गावातलं दुकान बंद होतं, त्या मतदानाबद्दल मी विचारलं. ती म्हणाली, "दुकान बंद करता येतं गं. पर पेणारा दर वक्ताला म्हनतो, मला काय हुत नाय. त्येचं काय करायचं?" आजोबा कशाने गेले ते आमच्या घरात कुणी स्पष्ट बोलत नाही. तिने मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी लावलं आणि उठून गेली.

तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जेवढं आहे तेवढं इथे देते.

कडकपणा जिभेला कळत नाही, घशाला कळत नाही, काडीला कळत नाही आणि पिणाऱ्याला तर मुळीच कळत नाही. म्हणून टक्के गुणिले मिली, हा गुणाकार करा. बाटलीवर आकडा नसेल, सील संशयास्पद असेल, कुणी फुकट वाटत असेल, तर तोंडाला लावू नका. एनर्जी ड्रिंक आणि दारू एका ग्लासात नको. गाडीची किल्ली ज्याने घेतलीच नाही त्याच्याकडे.

आणि कुणी आदल्या रात्री दारू प्यालेला मित्र सकाळी म्हणाला, की पोटात दुखतंय, मळमळतंय, धाप लागतेय, समोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसतंय, तर "हँगओव्हर आहे, झोप" असं म्हणू नका. "काट्याने काटा" म्हणून अजून दारूही पाजू नका. १०८ ला फोन करा, हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा की काय प्यालाय, किती वाजता, कुठली. उरलेली बाटली बरोबर घ्या. मिथेनॉलवर उपचार आहे. त्या एन्झाइमला अडवणारं औषध देतात, डायलिसिस करतात, डोळे वाचू शकतात, माणूस वाचू शकतो. पण तास मोजावे लागतात. त्याच्याबरोबर जे जे प्यायले असतील त्यांनाही उठवा, ते ठणठणीत दिसत असले तरी.

दुसऱ्या दिवशी लग्न छान झालं. आतेभाऊ दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पंगतीत मात्र येऊन हळूच म्हणाला, "ती पट्टी परत एकदा सोड ना." या वेळी सतरा सेंटीमीटरला पकडली.